किती झाले, विचारू नये

मराठी घरात पोळ्या मोजल्या जातात. वाढणाऱ्या बाईला पंगतीतल्या प्रत्येकाचा आकडा पाठ असतो. "दोनच झाल्यात, अजून अर्धी घे" या वाक्यात माया असते हे खरं, पण हिशेबही असतो. ओहायोत इतकी वर्षं काढल्यावर इथल्या ज्या पदार्थाबद्दल मला मनापासून आदर वाटू लागला, तो स्लायडर. त्याची चव हे कारण नंतरचं. पहिलं कारण हे, की तो कोणी मोजत नाही.

स्लायडर म्हणजे तळहातावर मावणारा इवलासा बर्गर. दोन घासांत संपतो, आणि दोन घासांत संपलेल्या गोष्टीची दप्तरी नोंद होत नाही. मोठा बर्गर खाल्लेला माणूस घरी येऊन "आज बर्गर खाल्ला" असं कबूल करतो. पाच स्लायडर खाल्लेला माणूस "काही नाही, थोडंसं तोंडात टाकलं" म्हणतो आणि ते त्याला खरंच वाटत असतं.

ही सोय आपोआप झालेली नाही. कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावात वॉल्टर अँडरसन नावाचा स्वयंपाकी १९१६ पासून बर्गर विकत होता. १९२१ साली त्याने बिली इन्ग्रॅम या विमा आणि जमीनजुमल्याच्या दलालाला जोडीला घेतलं, ७०० डॉलरचं कर्ज काढलं आणि 'व्हाइट कॅसल' उभं राहिलं. खिमा म्हटलं की तेव्हा लोक नाक मुरडत. अप्टन सिंक्लेअरच्या 'द जंगल' या १९०६ च्या कादंबरीने शिकागोच्या मांसकारखान्यांची जी आतली बाजू दाखवली होती, ती वाचलेला माणूस खिम्याच्या वाटेला जाईना. म्हणून नावातही पांढरा, भिंतीही पांढऱ्या, चकचकीत स्टील, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भाजणं. किंमत पाच सेंट. एकाने कोणाचं पोट भरणार नाही हे इन्ग्रॅमला पक्कं ठाऊक होतं. पण "चार घ्या" असं सांगण्याची चूक त्याने केली नाही. पिशवीभर घेऊन जा, असं त्याच्या जाहिराती सांगू लागल्या. माणूस चार-सहा बर्गर मागायला ओशाळतो. एक पिशवी मागायला कसला ओशाळतोय?

१९३० मध्ये याच इन्ग्रॅमच्या पुढाकाराने मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला. एका वैद्यकीय विद्यार्थ्याला तेरा आठवडे फक्त व्हाइट कॅसलचे बर्गर आणि पाणी यांवर ठेवलं. गडी दिवसाला वीसच्या वर बर्गर रिचवत होता आणि तब्येत उत्तम असल्याचा निर्वाळा मिळाला. कंपनीने अर्थातच तो निर्वाळा गावभर मिरवला. स्लायडर रोजच्या रोज मोजून खाल्लेला, माझ्या माहितीतला हा एकमेव माणूस. या कंपनीचं मुख्यालय १९३४ पासून आमच्या कोलंबस शहरात आहे, तेव्हा या विषयात माझ्या शब्दाला थोडं जास्त वजन द्यायला हरकत नाही.

व्हाइट कॅसलची तऱ्हा निराळी. तिथे तव्यावर कांद्याचा थर, त्यावर मांसाची चौकोनी चकती, चकतीला पाच भोकं. भोकांची ही युक्ती १९५४ पासूनची. त्यातून वाफ वर येते, म्हणून चकती उलटावीच लागत नाही. हे सगळं घरी करायला गेलं तर स्वयंपाकघरातला कांद्याचा वास आठवडाभर जात नाही. घरी करायचा तो दुसरा प्रकार: दुकानातून आयतं कापून आणलेलं रोस्ट बीफ, चीज, आणि गोडसर हवाईयन पावांची लादी.

होय, लादीच. बारा पाव, एकमेकांना चिकटलेले. पहिल्यांदा हाती आली तेव्हा मला कोपऱ्यावरच्या इराण्याची आठवण होणं साहजिक होतं, पण हे नातं नुसतं दिसण्यापुरतं नाही. १८७८ पासून मदेराचे आणि पुढे अझोर्सचे पोर्तुगीज लोक हवाईच्या उसाच्या मळ्यांत मजुरीला गेले आणि जाताना आपला गोड पाव घेऊन गेले. त्याच पोर्तुगिजांनी त्याआधी कितीतरी वर्षं गोव्यात भट्ट्या पेटवल्या होत्या. हवाईतल्या हिलो गावात रॉबर्ट तायरा या ओकिनावी आईबापांच्या मुलाने १९५० मध्ये बेकरी काढली, तोच पाव मऊ आणि जास्त टिकणारा केला, पुढे होनोलुलूच्या किंग स्ट्रीटवर बस्तान हलवलं, आणि १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात कारखाना घातला. 'किंग्ज हवाईयन' तो हाच. म्हणजे पोर्तुगिजांचा पाव, जपानी वंशाच्या माणसाने हवाईत सुधारलेला, कॅलिफोर्नियात भाजलेला, आणि ओहायोत एका मराठी घरी आडवा कापलेला. आमच्या काही मंडळींना इथे येऊन 'शुद्ध अमेरिकन' काहीतरी खायचं असतं, त्यांना मी हे सांगत नाही.

सगळी खटपट त्या आडव्या कापण्यात आहे. पाव सुटे करायचे नाहीत. करवती दातांची सुरी घेऊन अख्खी लादी पुस्तकासारखी उघडायची. इथे घाई करणाऱ्याचा वरचा थर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पापुद्रा होतो. खालचा थर बटर लावलेल्या ट्रेमध्ये ठेवून चार-पाच मिनिटं नुसताच ओव्हनमध्ये ढकलावा. बऱ्याच पाककृती हे वगळतात आणि मग खालून ओला लगदा निघतो. त्यावर मेयोनीज आणि हॉर्सरॅडिश. हे हॉर्सरॅडिश मुळ्याच्या नात्यातलं, दिसायला निरुपद्रवी. त्याची झणक जिभेवर थांबत नाही, सरळ नाकातून टाळूवर जाते. फेसलेल्या मोहरीची झणकही याच वाटेने जाते, कारण दोन्हींत तीच रासायनिक चीज आहे. लोणच्यावर वाढलेल्या मराठी माणसाला या देशात पहिल्या दिवसापासून जे आपलंसं वाटावं, ते हेच. उगाच केचपमागे लागून वर्षं वाया जातात.

मग मांस. दुकानातल्या काउंटरवर ते इतकं पातळ कापून मागायचं की काप सरळ उभा न राहता दुमडून पडला पाहिजे. जाड काप चांगला दिसतो, पण पहिल्याच घासाला अख्खा ओढला जातो, आणि खाणाऱ्याच्या ओठाला मांस लोंबतंय, हातात मोकळा पाव, असं दृश्य भर पाहुण्यांत तयार होतं. पातळ कापांच्या चुण्या करून रचल्या की चीज त्यांत उतरतं. चीज प्रोव्होलोन किंवा स्विस, तेही खाली एक थर आणि वर एक थर, कारण इथे त्याचं काम चवीपेक्षा चिकटवण्याचं जास्त आहे. मांस आधीच शिजलेलं आहे, त्याला फक्त गरम करायचंय हे विसरलं की ते राखाडी होऊन चामड्यासारखं लागतं. वरचा थर ठेवला की वितळलेल्या बटरमध्ये मोहरीची पेस्ट, वूस्टरशायर सॉस, वाळवलेला कांदा आणि खसखस कालवून ते सगळं पावांवर फासायचं. खसखस इथली काळपट निळी. पांढरी घातली तरी चालते, पण मग ती दिसत नाही, आणि केल्याचं श्रेय मिळत नाही. फॉइल झाकून ३५० अंश फॅरनहाइटला पंधरा मिनिटं, झाकण काढून पाच. जोडांवरून सुरी फिरवली की एकाचे बारा.

अर्ध्या तासात झालं म्हणून लोक माझं कौतुक करतात. मी ते घेतो. भाजलं कसायाने, कापलं काउंटरवरच्या पोराने, मळलं-फुगवलं कॅलिफोर्नियातल्या कारखान्याने. मी फक्त एकावर एक ठेवलं. पण इथे "हे मी केलं" म्हणायला तेवढं पुरतं, आणि जिथे खाणारा मोजत नाही तिथे करणाऱ्यानेच का मोजावं?

बीफचा विषय निघाला की मराठी घरात आवाज जरा खाली येतो. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासून बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. गोव्यात बीफचे क्रोकेट आजही बेकरीच्या काचेआड दिसतात. इथे आमच्या मंडळातली गणितं याहून नाजूक. एक जण खातो, पण बायकोसमोर नाही. एक जण खात नाही, पण "रोस्ट बीफ म्हणजे टर्की असेल ना?" असं विचारून दोन उचलतो, आणि अशा वेळी उत्तर द्यायचं नसतं. शाकाहाऱ्यांसाठी मशरूम आणि कांदा परतून त्याच लादीच्या एका कोपऱ्यात भरावा, अशी कल्पना कोणीतरी एकदा मांडली होती. पण वितळलेलं चीज सीमा मानत नाही. बेळगाव अजून तसंच आहे, त्यात आणखी एक सीमाप्रश्न नको, म्हणून ट्रे वेगळा, सुरी वेगळी. मशरूमचा ट्रे आधी संपतो हे मात्र कोणी इतिहासात लिहिणार नाही.

हा पदार्थ फुटबॉलच्या सुपर बोलच्या रविवारी घरोघर होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी जणांना माहीत असेल की यातलाच हॅमचा प्रकार इथे बऱ्याच ठिकाणी मयतीच्या घरी नेतात, आणि त्याला नावही तसंच आहे: फ्युनरल सँडविच. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. दुःखात माणसाला ताट वाढून घ्यायचं नसतं, काटा-चमचा धरायचा नसतो, आणि "काही खाल्लंस का?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. येता-जाता ट्रेमधला एक उचलता येतो. टीव्हीसमोर ओरडणाऱ्या माणसाचीही गरज नेमकी हीच असते, कारण वेगळं असलं तरी.

हिशेब करणारा एकटा डॉक्टर. एक पाउंड मांस बारा पावांत वाटलं की प्रत्येकात चाळीस ग्रॅमही येत नाही. हे ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि सहा खातो. सहा म्हणजे अर्धा पाउंड मांस, म्हणजे ज्या मोठ्या बर्गरला तो हल्ली जपून लांब ठेवतो तसे दोन. शिवाय सहा पाव, चीज आणि वरून फासलेलं बटर. आमच्या डॉक्टरांनी मला "सुपर बोलला काय घेतलं?" असं विचारलं, तर मी "स्लायडर" म्हणून मोकळा होतो. मराठीत एकाला आणि सहांना शब्द तोच. इंग्रजीत त्यावर पुढचा प्रश्न येतो, पण तोपर्यंत त्यांचं लक्ष कॉम्प्युटरच्या पडद्याकडे गेलेलं असतं.

पाहुणे निघताना दारात जो सोहळा होतो तो मात्र अस्सल आपला. "वहिनी, नको हो, डबा वगैरे काही नको." मग बुटांच्या नाड्या बांधता बांधता, "बरं, एक-दोन द्या पोरांसाठी, सकाळी खातील." आमची ही फॉइलचा कागद फाडते आणि बजावते, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पाव चिवट होतो, फॉइलसकट दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. त्यांची मुलगी टेक्ससात शिकते आणि मुलगा गेल्या ऑगस्टपासून बॉस्टनला वसतिगृहात आहे, हे आम्हा दोघांना चांगलं ठाऊक असतं. ही पुडक्याकडे एकदा बघते, त्यांच्याकडे एकदा बघते, आणि आणखी चार घालते.