मत्स्याभावविचार अर्थात जेटीवरच्या गरीचे शास्त्र

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ साली झाला. त्यात नौका आल्या, जाळी आली, परवाने आले, दंड आले. पुढे पर्ससीनवरून भांडणं झाली, एलईडी दिव्यांवरून आंदोलनं झाली, आणि दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्र बंद झाला. एवढ्या खटाटोपात जेटीच्या कडेला पाय सोडून, हातात तंगूस, म्हणजे गळाची दोरी, धरून बसलेल्या माणसाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. कारण उघड आहे. त्याच्यामुळे समुद्रातला मासा कमी झाला, असा पुरावा आजवर कोणालाही देता आलेला नाही. जिच्यामुळे मासा कमी होत नाही अशा मासेमारीचं शास्त्र वेगळं असणार, हे ओघानंच आलं. ते इथे मांडायचं आहे.

जुन्या शिरस्त्याप्रमाणे ग्रंथारंभी चार अनुबंध सांगावे लागतात: विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन. आमचा विषय आहे न लागलेला मासा. स्थळ मालवणची जेटी. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. काळ कोजागिरी ते दत्तजयंती, म्हणजे शरद सरतो आणि हेमंत स्थिरावतो ते दोन महिने. अधिकारी तीन प्रकारचे: निवृत्त झालेला, दिवाळीला गावी आलेला चाकरमानी, आणि घरात काहीतरी काम निघालं आहे असा कोणीही. संबंध तंगुसाचा, त्याच्या एका टोकाला माणूस असतो आणि दुसऱ्या टोकाला काय असतं हाच वादाचा मुद्दा. राहिलं प्रयोजन.

संध्याकाळचं कालवण हे प्रयोजन, असा पूर्वपक्ष आहे. तो टिकत नाही. गरवायला निघालेला माणूस वाटेत मासळीबाजारात थांबतो, चांगली ताजी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडून, घासाघीस करून विकत घेतो आणि जेटीवर जाऊन एकेक करून समुद्रात सोडतो. कालवणाशी कर्तव्य असतं तर ती सुंगटं घरी गेली असती. तेव्हा प्रयोजन दुसरं काहीतरी आहे. आमचा सिद्धांत असा: जेटीवर उत्पन्न होते ती वस्तू म्हणजे मासा नव्हे, तर मासा का लागला नाही याचं कारण. मासा हा या उद्योगातला अधूनमधून निघणारा जोडमाल.

या विषयाला पूर्वाचार्य नाहीत असं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल म्हणत, त्यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. पाच विंशती, शंभर अध्याय. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे. त्यातच ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक अध्याय फक्त गळ टाकण्यावर आहे. समुद्रातले मासे आणि गोड्या पाण्यातले मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, कोणाला काय चारा घालावा, दोर कसा असावा, हे सारं राजानं सांगितलं आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्या अध्यायावर लेख लिहून तो आधुनिक जगापुढे आणला. या थोर ग्रंथात एकच उणीव आहे. मासा लागला नाही तर काय बोलावं हे राजानं कुठेच सांगितलेलं नाही. राजाला ती गरज पडत नसावी. त्याला कारण विचारणार कोण?

आता साधनं. गरी, शिसं, तंगूस, आणि तंगूस गुंडाळायला लाकडाचा तुकडा किंवा पाण्याची रिकामी बाटली. परदेशी रीळ आणि काठी घेऊन येणारेही असतात, पण त्यांचा विचार पर्यटनशास्त्रात करावा. सुंगट गरीला लावण्याची क्रिया मात्र बारकाईनं पाहण्यासारखी आहे. डोकं मोडून टाकायचं. शेपटीच्या अंगानं टोक आत शिरवायचं, सुंगटाच्या पाठीची कमान आणि गरीची कमान एकावर एक बसतील असं ते हळूहळू पुढे ओढायचं, आणि पायांच्या मधून टोक नखभर बाहेर काढायचं. फार काढलं तर मासा बिचकतो, कमी काढलं तर सुंगट खाऊन निघून जातो. मग दोन फेरे डोक्यावरून फिरवून फेकायचं आणि ताणलेला तंगूस तर्जनीच्या पेरावर ठेवायचा. यापुढचं सगळं ज्ञान त्या पेरातून येतं. पालू टोचे मारतो, थांबतो, पुन्हा मारतो. शिंगाळा नुसता जड होतो. तांबोशी एकच हिसका देते आणि थेट खडकाकडे सुटते. केंडाच्या बाबतीत काहीच कळत नाही. वर ओढल्यावर गरीच नसते, कारण त्याचे जुळलेले दात तंगूस कातरून मोकळे झालेले असतात.

काळाचा विचार करताना प्रथम भरती. कोकणात हिला घड्याळ लागत नाही. तिथीला तिनानं गुणावं, चारानं भागावं. येईल त्या वाजता भरती पूर्ण. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. म्हणूनच कोजागिरीला दूध आटतं त्याच सुमारास पाणीही जेटीला भिडतं. अष्टमीला उत्तर येतं सहा. ऐन सूर्योदय आणि ऐन सूर्यास्त, मासा चरायला निघण्याची वेळ. पण अष्टमीला भांग असतो, पाणी चढता चढत नाही आणि उतरता उतरत नाही. एकादशीला भरती येते सव्वाआठला, सकाळी आणि रात्री, नोकरदार माणसाला सर्वांत सोयीची. त्या दिवशी घरात मासा चालत नाही. मुंबईकडे उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढ-उतार करतं, मालवणात त्याच्या निम्मंच. तरीही मुंबईचा चाकरमानी आपला मुंबईचा अंदाज घेऊन येतो आणि गरी खडकात अडकवून जातो.

धार्मिक पंचांगाचा आणि माशाचा विरोध इथेच संपत नाही. चातुर्मास पाळणारी घरं कार्तिकात मोकळी होतात, तुळशीचं लग्न लागतं, आणि जरा हायसं वाटतं तोच मार्गशीर्षातले गुरुवार येतात. आमच्या निरीक्षणाप्रमाणे मोठी तांबोशी गुरुवारी लागते. ती शेजाऱ्याकडे द्यावी लागते, आणि शेजारी ती घेताना “एवढीच?” असं विचारतो.

आता ऋतुबदल. आश्विनात पाऊस परतलेला असतो, पण नद्या अजून गाळ आणत असतात. कर्ली देवबागला समुद्रात शिरते ती चहाच्या रंगाची. दिवसा ऑक्टोबरचं ऊन डोकं तापवतं. कार्तिकात गाळ बसतो. मार्गशीर्षात जमीन रात्री लवकर निवते आणि पहाटे मतलई सुटते. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा तो वारा जेटीवर बसलेल्याच्या पाठीवर येतो, पाण्याला झोपवतो, तंगूस सरळ पुढे धरतो. पाणी निवळशंख होतं, तळाची वाळू दिसते. पारा वीसच्या आसपास उतरतो आणि जेटीवर माकडटोप्या दिसू लागतात.

या निसर्गक्रमाबरोबर कारणांचा क्रमही बदलतो, आणि आमच्या सिद्धांताचा खरा आधार तोच. आश्विनात मासा लागत नाही, कारण पाणी गढूळ असतं आणि त्याला गरी दिसत नाही. मार्गशीर्षात लागत नाही, कारण पाणी निवळ असतं आणि त्याला तंगूस दिसतो. आश्विनात उकाड्यानं तो खोल जातो. मार्गशीर्षात थंडीनं खोल जातो. अमावास्येला काळोख नडतो, पौर्णिमेला चांदणं. मध्ये कार्तिकात आठ-दहा दिवस असे येतात की पाणी नेमकं हवं तसं असतं, वारा पडलेला असतो आणि कोणतंही कारण हाताशी उरत नाही. नेमक्या त्या दिवसांत घरात लग्न निघतं.

ही सारी कारणं वरवर विस्कळीत दिसतात. पण आपल्या नैयायिकांनी त्यांची व्यवस्था फार पूर्वी लावून ठेवली आहे. अभाव चार प्रकारचे असतात, आणि जेटीवर चारही एकाच सकाळी बघायला मिळतात.

पहिला प्रागभाव. मडकं घडण्याआधी मडक्याचा जो अभाव असतो तो. त्याला आरंभ नाही, पण शेवट आहे. “अजून लागला नाही” म्हणणारा या पक्षाचा. हा माणूस पहाटे येतो, डबा बरोबर आणतो आणि सगळ्यांशी चांगला बोलतो.

दुसरा प्रध्वंसाभाव. मडकं फुटल्यानंतरचा अभाव. याला आरंभ आहे, शेवट नाही. “आत्ताच सुटली मरे!” हे त्याचं जेटीवरचं रूप. सुटलेली तांबोशी ही शास्त्रार्थानं अनंत होय. पकडलेली तांबोशी रात्री संपते, सुटलेली कधीच संपत नाही. सुटली तेव्हा ती वीतभर असते. दत्तजयंतीपर्यंत हातभर होते, आणि शिमग्यात सांगताना तिच्यासाठी दोन्ही हात पसरावे लागतात.

तिसरा अत्यंताभाव. आदीही नाही, अंतही नाही. “ह्या जेटीवर मासोच नाय” हे विधान. हे करणारा बहुधा नुकताच आलेला असतो, किंवा त्याच्या गरीवरचं सुंगट केंडानं केव्हाच खाल्लेलं असतं आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

चौथा अन्योन्याभाव. मडकं म्हणजे वस्त्र नव्हे, वस्त्र म्हणजे मडकं नव्हे. मासा लागलेला आहे. पण तो शिंगाळा आहे, तांबोशी नव्हे. हा अभाव वर काटेही उगारतो. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन बाजूंचे काटे करवतीदार आणि विषारी असतात. गरी सोडवण्याआधी ते पक्कडीनं मोडावे लागतात. तेवढं करूनही तो तांबोशी होत नाही.

अभाव कळतो कसा, यावर नैयायिक आणि भाट्ट मीमांसक यांचा जुना वाद आहे. नैयायिक म्हणतात, अभाव प्रत्यक्ष दिसतो. मीमांसक म्हणतात, नाही, त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं पाहिजे. या वादाचा निकाल रोज घराच्या उंबऱ्यावर लागतो. पिशवीकडे एकदा बघूनच घरची मंडळी नैयायिकांचा पक्ष सिद्ध करतात. गरवणारा मात्र मीमांसकांचंही मानत नाही. मासा मिळाला नाही एवढ्यावरून मासा नव्हता असं होत नाही, हे तो हात-पाय धुताना सांगत राहतो.

या शास्त्राला एक अपवाद नोंदवायला हवा. प्रत्येक जेटीवर दहा-बारा वर्षांचा एक मुलगा असतो. त्याच्याकडे बाटलीला गुंडाळलेला तंगूस आणि कोणीतरी टाकून दिलेली सुंगटाची डोकी असतात. सगळे ज्ञानी लांब फेकत असताना तो कडेला पालथा पडून जेटीच्या खांबालगत सरळ खाली गरी सोडतो. खांबांना कालवं चिकटलेली, त्यांच्या आडोशाला खेकडे आणि बारीक मासळी, आणि तिच्या मागावर तांबोशी, गोबरा. म्हणून तो उठतो तेव्हा त्याच्या पिशवीत काहीतरी वळवळत असतं. शास्त्रार्थानं तो अनधिकारी आहे. त्याला विचारलं, “कशी रे गावली?” तर तो म्हणतो, “हयच आसतत.” ज्याच्यापाशी कारणमीमांसा नाही त्याचं यश प्रमाण मानता येत नाही, असा जेटीवरच्या विद्वानांचा एकमुखी निर्णय आहे.

आमचा निर्णय एवढाच. शरदातून हेमंतात जाताना समुद्रात मासा किती असतो हे सांगायला संशोधन संस्था आहेत. जेटीवरून ते कळत नाही. जेटीवरून कळतं ते माणसाला न मिळालेल्या गोष्टीचं किती परींनी समर्थन करता येतं, आणि त्यासाठी सुंगटांचा खर्च अगदी माफक आहे.

वाचकांपैकी कोणी दिवाळीच्या सुट्टीत किल्ल्याची होडी पकडायला मालवणच्या जेटीवर उभा राहिला, तर दोन पथ्यं पाळावीत. तुटलेला तंगूस दिसला तर पायानं पाण्यात ढकलू नये, उचलून कचऱ्यात टाकावा. नोव्हेंबरपासून या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येऊ लागतात आणि तंगुसाचा फास त्यांना सुटत नाही. आणि बसलेल्या माणसाला “काय गावला?” असं चुकूनही विचारू नये. “काकानू, पाणी कसा आसा?” एवढंच विचारावं. उत्तर लांबतं, तेव्हा होडीची वेळ आधी बघून घ्यावी.