गाडी जर्मन, स्टिरिओ चिनी

अँड्रॉइड स्टिरिओच्या खोक्यावर त्याचे सगळे गुण छापलेले असतात. नऊ इंची पडदा, एवढी रॅम, तेवढं स्टोरेज, ब्लूटूथ, वायफाय, नकाशे, रिव्हर्स कॅमेरा. लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणून बारीक टायपात पोरासोरांची नावं घालतात, तसा त्या खोक्याच्या तळाशी ‘एफएम’ एवढाच एक शब्द असतो. पोरासोरांना निदान पहिल्या पंगतीला बसवतात. रेडिओच्या नशिबी तेही नाही.

मी गाडीत रेडिओ ऐकतो. फोनवर हवं ते गाणं हवं तेव्हा लागतं हे मला ठाऊक आहे. माझी तक्रार तीच आहे. नळ स्टॉपच्या सिग्नलला, दिवा हिरवा व्हायच्या आत, हिंदी सिनेमाच्या अख्ख्या इतिहासातून एक गाणं निवडायचं हे काम मला झेपत नाही. विविध भारतीवर ते दुसरं कोणीतरी करतं. तलत लागला तर आपलं नशीब, नाही लागला तर निवेदकाला नावं ठेवायची सोय. शिवाय ३ ऑक्टोबर १९५७ पासून ही मंडळी हेच करताहेत. एवढा सराव आमच्या घरात कोणाला नाही.

आमची गाडी वंशाने जर्मन. कंपनीने दिलेला स्टिरिओ दिसायला मख्ख होता, पण पुण्याचं १०१.० असं लावायचा की निवेदिकेने कागद उलटला तरी कळावं. पुढे पार्किंगमधला खांब आणि आमचा मागचा बंपर यांचे संबंध फार जवळचे झाले, तेव्हा घरात रिव्हर्स कॅमेऱ्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. कॅमेरा म्हटला की पडदा आला, पडदा म्हटला की नवा स्टिरिओ आला. आता गाडीमागची मांजरं नऊ इंचात दिसू लागली. रेडिओ लावला की मात्र नुसती खरखर.

ज्याने स्टिरिओ बसवला त्या पोराला मी हे सांगितलं.

“काका, रेडिओ कोण ऐकतंय आता? ब्लूटूथ लावा ना.”

“अरे, पण आधी स्वच्छ येत होता.”

“आधीचं सोडा. हल्ली स्टेशनंच वीक झालीयेत.”

माझा स्टिरिओ बसला त्याच दुपारी आकाशवाणीची ताकद कमी व्हावी, हा योगायोग मला जरा जास्त वाटला. त्याने दुकानाच्या दारात येऊन आभाळाकडे पाहिलं. “मळभ पण आहे,” तो म्हणाला.

गाडीचं इंजिन बिघडलं तर लोक मेकॅनिकचा पत्ता देतात. रेडिओ बिघडला तर प्रत्येक जण स्वतःच बरा करायला निघतो. सोसायटीतल्या एकाने बूस्टर घ्यायला लावला. बूस्टरला गाणं आणि खरखर यांत भेदभाव करता येत नाही, तो दोन्ही सारख्याच मायेने वाढवतो. त्यामुळे जी खरखर आधी अस्पष्ट येत होती, ती खणखणीत येऊ लागली. दुसऱ्याने अँटेना उलटी पिळून पुन्हा सुलटी पिळायला सांगितलं. हे मात्र खरोखर करावं. पावसाळ्यात त्या आट्यांमध्ये गंज चढतो, आणि कोकणात गाडी राहत असेल तर बारमाही चढतो. आमच्या अँटेनेत गंज नव्हता, म्हणजे तीही वाट बंद.

मग आमचे साडू आले. साडू गाड्यांमधले तज्ज्ञ आहेत. म्हणजे गाड्यांबद्दल त्यांना शंका अशी कधी येत नाही. त्यांनी छपरावरची काडी पाहिली, मान हलवली आणि पुढच्या रविवारी माझ्या वाढदिवसाची भेट म्हणून एक शार्क फिन आणला. चकचकीत काळा. खालचा दुतर्फी टेप सोलून त्यांनी तो स्वहस्ते छपरावर चिकटवला आणि दोन मिनिटं दाबून धरला. चिकटवण्याआधी मी तो उलटा करून पाहिला होता. आत हवा होती. तारेचा तुकडासुद्धा नव्हता. गाडीबरोबर कंपनीतून येणाऱ्या खऱ्या फिनच्या पोटात अँटेना असते. बाजारात मिळतो त्यातला बराचसा माल शोभेचा. पण वाढदिवसाच्या दिवशी साडूंना हे सांगणं नात्याला परवडलं नसतं. पत्नी म्हणाली, “गाडी किती भारी दिसतेय!” विषय तिथेच संपला.

अँटेनेचं गणित खरं तर सातवीतल्या मुलाला जमेल असं आहे. लहरींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. त्याला शंभर मेगाहर्ट्‌झने भागलं की एफएमची एक लहर भरते तीन मीटर. तिचा पाव भाग पंचाहत्तर सेंटिमीटर. जुन्या फियाटच्या बॉनेटशेजारची अँटेना पूर्ण ओढून काढली की एवढी लांब व्हायची ती या हिशोबाने. ती फॅशन नव्हती, भागाकार होता. उरलेलं अर्धं काम गाडीचा पत्रा करतो, म्हणून अँटेनेच्या बुडाशी पत्र्याचा आणि तिचा अर्थिंगचा संबंध चांगला असावा लागतो. पुढे गाड्या देखण्या झाल्या, लांब काड्या धुलाई केंद्रांत आणि मुलांच्या हातांत मोडू लागल्या, आणि कंपन्यांनी अँटेना वीतभर करून टाकली. लहर मात्र तीन मीटरचीच राहिली. हा तुटवडा भरून काढायला अँटेनेच्या बुडात एक छोटा अँप्लिफायर दडवला. त्याला बारा व्होल्ट लागतात.

आणि आमच्या खरखरीचं मूळ इथे होतं. अशा गाडीत कंपनीचा स्टिरिओ अँटेनेच्या केबलमधूनच ती वीज वर पाठवतो. एकाच केबलमधून गाणी खाली येतात, वीज वर जाते, कोणाला धक्का लागत नाही. बाहेरून आणलेला स्टिरिओ हे करत नाही. तो अँटेनेसाठी एक वेगळी निळी वायर देतो. बसवणाऱ्या पोराने गाडीच्या कपलरमध्ये त्या निळ्या वायरीला जोडीदार शोधला. मिळाला नाही. मग त्याने तिच्या टोकाला काळा टेप मारला आणि तिला डॅशबोर्डच्या पोटात ढकलून दिलं. डॅशबोर्ड उघडला तेव्हा मी ती पाहिली. टेप इतका सुबक मारला होता की रागवावंसं वाटेना. तिकडे वर छपरात अँप्लिफायर उपाशी, आणि उपाशी अँप्लिफायर नुसता गप्प बसत नाही, येणारं गाणंही अडवून धरतो.

याला लागतो फँटम पॉवर ॲडॉप्टर. नाव भारदस्त, वस्तू बोटभर. तो शोधत मी तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समधली जी वस्तू कुठेच मिळत नाही ती तपकीर गल्लीत मिळते, फक्त ती मागण्याची आपली लायकी आहे हे आधी सिद्ध करावं लागतं.

“फाक्रा का साधी पिन?” दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

मी गाडीचं नाव सांगितलं.

“मग फाक्रा. निळी वायर टेप मारून सोडलीय ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“सगळ्यांची सोडलेली असते.” त्याने ॲडॉप्टर काउंटरवर ठेवला. “निळी याला जोडा. आणि डोकं चालवून बारा व्होल्ट थेट अँटेनाच्या पिनेत घालू नका. याच्यात चोक आहे, कपॅसिटर आहे, वीज वरच्या वर जाते. थेट घातलीत तर स्टिरिओचा ट्यूनर जाईल.”

“बसवून कोण देईल?”

“मी विकतो,” तो म्हणाला.

बसवला त्या पहिल्याच पोराने, रेडिओ ऐकणाऱ्या काकांकडे दयेने पाहत. आणि ९१.१, ९३.५, ९८.३ अशी कडकडीत लागली की तोच दचकला. त्याने स्वतःहून आवाज वाढवला. विविध भारतीवर मात्र अजून सगळे स आणि श फुटत होते, आणि मागे एक बारीक चरचर होती.

चरचरीचा निकाल लवकर लागला. डॅशकॅमचा चार्जर सॉकेटमधून उपटला, चरचर गेली. बाराचे पाच व्होल्ट करायला हे चार्जर आतल्या आत सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असतात, आणि स्वस्तातला असला तर त्याचा कलकलाट थेट अँटेनेच्या केबलमध्ये शिरतो. बरा चार्जर घ्यावा, त्याची वायर अँटेनेच्या केबलपासून लांबून न्यावी, आणि लॅपटॉपच्या वायरीवर असते तसली फेराईटची काळी गुटी तिच्यावर चढवावी. गाडीतला रेडिओ गाडीशीच भांडतो हे काही नवं नाही. शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने १९३० साली मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा त्यांचंही बरंचसं डोकं इंजिनाच्या ठिणग्यांची कडकड गप्प करण्यात गेलं. त्या रेडिओचं नाव होतं मोटोरोला. अँटेनेच्या साध्या पिनेला धंद्यातले लोक अजूनही मोटोरोला प्लग म्हणतात. तेव्हा स्पार्क प्लग होते, आता चार्जर आहेत.

काही खरखरींना मात्र इलाज नसतो, आणि त्या ओळखू आल्या की बरेच पैसे वाचतात. एक्स्प्रेसवेवरून मुंबईला जाताना खंडाळ्याच्या आसपास ९८.३ ला वेड लागतं. कारण ९८.३ पुण्यातही आहे आणि मुंबईतही. एफएमचा स्वभाव असा की एकाच आकड्यावर दोन स्टेशनं आली तर जे जोरात येतं तेवढंच ऐकू द्यायचं, दुसऱ्याला पार दाबून टाकायचं. घाटात प्रत्येक वळणाला जोर बदलतो. मग पुण्याच्या सराफाची जाहिरात सुरू होते आणि अंधेरीतल्या ट्रॅफिकवर संपते. बोगद्यात दोघंही गप्प. अशा वेळी स्टिरिओवाल्याला फोन करू नये. मी एकांना तो करताना पाहिलंय, घाटातच, आणि गाडी चालवता चालवता.

राहिली विविध भारती. अँटेनेला वीज होती, चार्जर हद्दपार होता, तरी १०१.० लागेना. मी पडद्यावरचा बाण दाबत आकड्यांवर लक्ष ठेवलं. १००.७. १००.९. १०१.१. पुन्हा मागे आलो. १०१.१. १००.९. मधलं १०१.० त्या यंत्राच्या जगात अस्तित्वातच नव्हतं.

याचं कारण अमेरिका. तिथे एफएमच्या दोन शेजाऱ्यांत दोनशे किलोहर्ट्‌झचं अंतर ठेवतात आणि मोजणी ८८.१ पासून होते, त्यामुळे तिथल्या सगळ्या स्टेशनांचा दशांश विषम. आमचा चिनी स्टिरिओ कारखान्यातून निघतानाच मनाने अमेरिकन झालेला. आपल्याकडच्या ९१.१, ९३.५, ९८.३ यांचा दशांश विषम, त्यांना त्याने मुकाट आत घेतलं. विविध भारती पुण्यात १०१.०, मुंबईत १०२.८, दोन्ही ठिकाणी बाहेर. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४, तीही बाहेर. खासगीतल्या ९५.० वर सुद्धा त्याने दया दाखवली नाही. माझ्या डॅशबोर्डवर बसून हा प्राणी कोणाला व्हिसा द्यायचा ते ठरवत होता!

स्टिरिओच्या सेटिंगमध्ये ‘फॅक्टरी’ नावाची एक खोली असते आणि तिला पासवर्ड असतो. पासवर्ड बऱ्याचदा चार वेळा आठ असतो, आणि दुकानातली पोरं तो कोणाच्या देखत दाबत नाहीत. आत रेडिओचा प्रदेश निवडायची यादी होती. अमेरिका, लॅटिन अमेरिका, युरोप, रशिया, जपान. भारत नव्हता. जपान निवडलं असतं तर पट्टा ७६ ला सुरू होऊन नव्वदीलाच संपला असता. मी युरोपवर बोट ठेवलं. पडदा एकदा मिटला, उघडला, आणि १०१.० वर तलत नव्हता, पण हेमंतकुमार होता. निवेदिकेचा कागदही उलटला.

रविवारी साडू आले. गाडीत बसले, ऐकलं, डोळे मिटून घेतले.

“बघा,” ते म्हणाले. “फिनचा फरक.”

मी निळ्या वायरीपासून सुरुवात केली. अँप्लिफायरपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात मागच्या सीटवरून पत्नी म्हणाली, “भाऊजी पहिल्यापासून सांगत होते हो.”

फिन काढून टाकायचा विचार मी केला नाही असं नाही. दुकानातल्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, टेपबरोबर छपराचा रंगही येईल. आता साडूंनी आमच्या मुलाच्या गाडीसाठी एक आणलाय. त्याच्या गाडीचा रंग पांढरा म्हणून पांढराच शोधून आणला, आणि त्यासाठी त्यांना तीन दुकानं फिरावी लागली असं ते पत्नीला सांगत होते.