मिरच्यांचे दप्तर

नागपूर-अमरावती रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशास मोझरी म्हटली की तुकडोजी महाराजांनी १९३५ साली स्थापिलेला गुरुकुंज आश्रम, खंजिरी आणि सामुदायिक प्रार्थना आठवते. परंतु आश्रमापासून हाकेच्या अंतरावर, परसात मिरचीची पंचवीस-तीस झाडे आणि ओसरीवर डीप फ्रीजर नावाची पांढरी पेटी बाळगून जे सेवानिवृत्त पटवारीसाहेब नांदतात, त्यांच्या दर्शनावाचून परतलेल्याची यात्रा मी तरी अपुरीच समजतो. तसा हा प्राणी वऱ्हाडात गावोगाव आढळतो. सरकारने दप्तर काढून घेतले तरी ज्याच्या बोटांचा चाळा सुटत नाही, तो कशाचे ना कशाचे दप्तर मांडतोच. कोणी देवळाच्या वर्गणीचे, कोणी शेजाऱ्यांच्या वाटण्यांचे. आमच्या पटवारीसाहेबांनी मिरच्यांचे मांडले.

मिरची त्यांच्याकडे दाखल होते ती रीतसर. धुऊन, पंचावर पसरून ती इतकी कोरडी करायची की पाण्याचा थेंब दिसल्यास प्रकरण खारीज. मग देठ काढायचा. बहुतेक भाज्यांना गोठवण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढावे लागते, मिरचीला ती सक्ती नाही, ही सवलत तर ते अशा स्वरात सांगतात, की जणू त्यांनीच ती मंत्रालयात खेटे घालून मंजूर करवून आणली. एकीला एक चिकटणार नाही अशा बेताने ताटात मांडलेल्या मिरच्या पेटीत खडखडीत झाल्या, की त्या पिशवीत भरायच्या, आतली हवा दाबून हुसकायची, आणि वर तारीख, वाफा व वजन नोंदवून त्यांना उणे १८ अंशांच्या कोठडीत बंदोबस्ताने ठेवायचे.

येथवर कोणाची तक्रार नव्हती. तक्रार सुरू होते ती मुलकी शिरस्त्यापाशी: जुने प्रकरण निकाली निघाल्याखेरीज नव्यास हात लावायचा नाही. त्यामुळे आश्विनात परसातली झाडे हिरव्यागार, टवटवीत भाराने वाकलेली असताना घरात शिजते ती गतवर्षीची मिरची. गोठताना मिरचीच्या अंगातल्या पाण्याचे स्फटिक होऊन तिच्या पेशींच्या भिंती फोडतात. म्हणून बर्फ उतरला की ती लुळी पडते. तिखटपणा मात्र तसाच राहतो. ताठा गेला, जिभेची धार शाबूत, अशी माणसे पेन्शनीच्या रांगेतही पुष्कळ भेटतात. फोडणीत ती थेट टाकली तर उत्तमच. पण भाकरीबरोबर कचकन चावायला ती कामाची नाही.

काकूंचे माहेर राजुरा बाजारकडचे, जेथला हिरव्या मिरचीचा बाजार प्रसिद्ध. तेव्हा या विषयात त्यांचा अधिकार उपजत. त्या दह्यामिठात मुरवून सांडगी मिरची वाळवतात आणि पेटीकडे बघून म्हणतात, "अजी, लाइन गेली का तुमचं दप्तर पान्यात जाते. माह्या सांडग्याईचा सूर्य गेला काय कधी?"

"श्रावणात तो बिनपगारी रजेवर असते," पटवारीसाहेब म्हणतात.

दिवाळीच्या तोंडावर महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव येतो. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ज्या वेळी महाराज निवर्तले, त्या ४ वाजून ५८ मिनिटांना अफाट जनसमुदाय मौन उभा राहतो. एके वर्षी नेमक्या त्याच वेळी वीज गेली. पेटीत ताज्या मिरच्यांची तीन ताटे असूनही पटवारीसाहेबांची पापणीसुद्धा हलली नाही, हे मी शेजारी उभा राहून पाहिले. मौन सुटल्यावर ते ज्या गतीने घराकडे निघाले, ती मात्र त्यांच्या वयास शोभणारी नव्हती.

त्यांच्या वहीत 'तूट' असे एक सदर असून त्यापुढे बहुधा एकच कारण असते: पोपट. ही नोंद शास्त्रास धरून आहे, कारण मिरचीचा जो दाह आपणा सस्तनांस होतो, तो पक्ष्यांना जाणवतच नाही, आणि पोपट ती खुशाल फस्त करतात. परवा मी आगाऊ वर्दी न देता मागल्या दाराने गेलो. जांबाच्या झाडाआड, हातात चतकोर भाकर घेऊन, पटवारीसाहेब पाठमोरे उभे होते. 'कच्' असा आवाज आला. मला पाहताच त्यांनी डोळ्यांना आणि नाकाला लागलेली धार पंचाने पुसली, बगलेतली वही काढली, आणि स्वच्छ मोडीवळणाच्या अक्षरात लिहिले: पोपट, नग १.