युवक (वय वर्षे ३४)

२००३ सालच्या राष्ट्रीय युवा धोरणाप्रमाणे १३ ते ३५ वयाचा माणूस युवक होता. २०१४ साली नवं धोरण आलं आणि ही हद्द १५ ते २९ वर आली. मला कुणी विचारलं नाही. पुढे चौतिसाव्या वर्षी विम्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून मी एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला, प्रवेश घेतला, तेव्हा जुन्या हिशेबाने माझं तारुण्य वर्षभर शिल्लक होतं आणि नव्या हिशेबाने ते पाच वर्षांपूर्वीच लॅप्स झालं होतं. आणि मला काम करायचं होतं कुणाबरोबर, तर वस्तीतल्या युवकांबरोबर.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर सगळी पोरं उभी राहिली. मी सवयीने "बसा, बसा" म्हणालो आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. त्यानंतर त्या वर्गात जी शांतता पसरली, ती दोन वर्षांत पूर्ण गेली असं म्हणता येणार नाही.

घरी वेगळंच. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. तिकिटं आणि पैसे जुळले की दिवस सार्थकी लागला, एवढं त्यांचं तत्त्वज्ञान. "लोकांत काम करायला डिग्री?" ते म्हणाले. "पन्नासच्या गाडीत ऐंशी माणसं भरून आणली बत्तीस वर्षं. म्हातारीला खिडकी, लेकुरवाळीला पुढची सीट, पिऊन आलेल्याला मागे. मला कुणी दिली डिग्री?" मी त्यांना सांगितलं की हे शास्त्र आहे, १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था निघाली, तेव्हापासून रीतसर शिकवतात. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. "छत्तीसपासून शिकवतायत," ते म्हणाले, "मग वस्त्या अजून आहेत तशाच कशा?" बायकोने फक्त फी विचारली आणि "दोन वर्षं म्हणजे दोनच" असं बजावलं.

एमएसडब्ल्यूत आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर जायचं असतं. मला पुण्यातल्या एका टेकडीच्या उतारावरची वस्ती मिळाली. मी खादीचा झब्बा घेतला, शबनम घेतली, शबनममध्ये एक जाड वही. हा पोशाख घालून पहिल्या गल्लीत शिरलो आणि धडाधड दारं लागली. एका खिडकीतून आवाज आला, "हप्ता शुक्रवारी देते सांगितलं ना!" मला त्यांनी बचत गटाच्या कर्जाचा वसुलीवाला समजलं होतं. दुसऱ्या गल्लीत उलटा प्रकार. तिथे मला उमेदवाराचा माणूस समजून एका गृहस्थांनी हाताला धरून तुंबलेल्या गटारापर्यंत नेलं आणि म्हणाले, "बघा. मागच्या वेळीही बघूनच गेला होता."

मला सोडवलं नळाजवळच्या मावशींनी. कपडे पिळता पिळता त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अगं उघडा दारं, एमएसडब्ल्यूचा आहे तो! आला त्यांचा सीझन." मग मला, "फर्स्ट इयर ना? वाटलंच. बस. आधी रॅपो होऊ दे, मग सर्व्हे करशील. सर्व्हे दिवाळीच्या आधी उरक, नंतर बायका गावाला जातात. प्रोग्रॅम जानेवारीत."

माझ्या सेमिस्टरचं वेळापत्रक कॉलेजने अजून लावलं नव्हतं.

मावशींनी आजवर डझनभर तरी विद्यार्थी तयार केले असावेत. "मागच्या वर्षीची पोरगी फार चांगली होती," त्या म्हणाल्या. "रडायची, पण चांगली होती." फेलिक्स बीस्टेक नावाच्या अमेरिकन जेझुइट पाद्र्याने १९५७ साली या धंद्याची सात तत्त्वं लिहून ठेवली आहेत, ती आम्हाला पाठ असतात. माणसाचा आहे तसा स्वीकार करा, त्याला दोष देऊ नका, त्याचे निर्णय त्याला घेऊ द्या, असं ते सगळं. मी ती मावशींवर वापरायला गेलो होतो, आणि तासाभरात लक्षात आलं की त्या माझ्यावर वापरतायत. मी कोण, नोकरी का सोडली, बायको काय म्हणाली, मूल का नाही, सगळं मी घडाघडा सांगून मोकळा झालो. फक्त गोपनीयता या तत्त्वाशी मावशींचे मतभेद असावेत. संध्याकाळी उतरताना कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "चांगला पगार होता राव, सोडायला नको होता."

फिल्डवरून आलं की रिपोर्ट लिहायचा. आमच्या सुपरवायझर मॅडम माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण लाल पेनाच्या बाबतीत फार ज्येष्ठ. मी विम्याच्या भाषेत मुद्देसूद लिहायचो: "सात घरांना भेटी दिल्या." खाली लाल शाईत यायचं: "तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" मला वाटलं होतं ते अॅसिडिटी, कारण सात घरांत सात चहा झाले होते आणि नको म्हटलं तर रॅपो, म्हणजे लोकांशी जुळलेलं नातं, जातो असं वर्गात सांगितलेलं. पण असं लिहिता येत नाही. मी लिहिलं, "अनौपचारिक संवादातून अस्वस्थता जाणवली." मॅडमनी त्याखाली दोनदा 'छान' लिहिलं. त्या रात्री मी इनो घेऊन झोपलो.

जानेवारीत मी सामाजिक नकाशा करायचं ठरवलं. या पद्धतीत वस्तीचा नकाशा वस्तीनेच जमिनीवर काढायचा. रांगोळी, खडू, बिया, जे असेल ते वापरायचं. बाहेरून आलेल्याने हातातली काठी लोकांच्या हातात द्यायची आणि स्वतः गप्प बसायचं, यावर रॉबर्ट चेंबर्स नावाच्या अभ्यासकाने अख्खं आयुष्य घालवलं. मी काठी दिली. गप्प बसणं मात्र जमलं नाही. "मावशी, देऊळ इकडे नको, थोडं डावीकडे… रस्ता एवढा रुंद नाहीये…" पाचव्या मिनिटाला मावशींनी रांगोळीचा डबा माझ्या हातात दिला. "तूच काढ. तुला जास्त माहितीये."

मग मीच काढला. बायका कडेला बसून भाजी निवडत बघत राहिल्या; त्यांच्या मते हा माझा प्रोग्रॅम होता आणि त्या प्रेक्षक होत्या. प्रत्येक घराला एक हरभरा ठेवला, विधवा बाई कुटुंबप्रमुख असलेल्या घराला काबुली. अर्धा किलो हरभरे मी स्वतःच्या पैशाने आणले होते. नकाशा खरंच देखणा झाला. मी फोटो काढायला उंच जागा शोधत मागे सरकलो, तेवढ्यात एक शेळी आली आणि तिने पूर्वेकडची एकवीस कुटुंबं खाल्ली. तिला हाकलेपर्यंत काबुलीही गेले. आणि शेळी जेमतेम वळली होती तोच कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!"

पाणी येण्याची वेळ मी कुणालाही विचारली नव्हती. हंडे, कॅन, बादल्या घेऊन अख्खी वस्ती नकाशावरून नळाकडे धावली. उरली ती थोडी पांढरी रस्त्याची कड आणि मी. रिपोर्टमध्ये लिहिलं, "पाणी हा वस्तीचा प्राधान्याचा प्रश्न असल्याचे सहभागी पद्धतीने पुढे आले." यावर मला 'उत्तम' मिळालं. याची लाज मला अजून वाटते, पण मार्क परत करायची सोय विद्यापीठात नाही.

दुसऱ्या वर्षी फिल्ड बदलतं. माझं बदललं नाही. मावशींनी मॅडमना गाठून मला मागून घेतलं होतं. "नवा शिकवत बसण्यापेक्षा हाच बरा" असं त्या म्हणाल्याचं मॅडमनी मला फार सांभाळून सांगितलं.

आता माझा खरा विषय, युवक. गणपतीच्या दोन आठवडे आधी मी 'युवक नेतृत्व विकास शिबिर' ठेवलं. समाजमंदिरात सतरंजी, फळ्यावर 'नेतृत्वाचे गुण', पन्नास वडापाव. तीन मुलं आली. एक वडापावसाठी, एक मोबाईल चार्जिंगला लावायला, आणि तिसरा मला बोलवायला. "काका, सगळी पोरं मांडवाकडेयत. तुम्हीच या ना. वडे पण घेऊन या."

मांडवाकडे जाऊन मी बघत उभा राहिलो. एकोणीस वर्षांचा पोरगा फोनवर महापालिकेच्या परवान्याचा पाठपुरावा करत होता. दुसरा पोलीस चौकीत जाऊन आला होता. तिसरा तात्पुरत्या मीटरचे पैसे भरून पावती फाईलला लावत होता. रक्तदान शिबिराची तारीख ठरली होती, कॉलेजच्या मुलींनी लेझीम पथकाची प्रॅक्टिस कुठल्या गल्लीत करायची यावरून झालेलं भांडण एकाने दोन मिनिटांत मिटवलं होतं. माझ्या फळ्यावर नेतृत्वाचे आठ गुण होते. इथे नवव्या-दहाव्याची कामं चालली होती. मी तोंड उघडलं, कारण सवय जात नाही. "तुम्ही एक निर्णयप्रक्रियेचा तक्ता केलात तर…"

"काका," वरून कुणीतरी म्हणालं, "शिडी धरता का?"

शेरी आर्नस्टाइन या बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना नुसतं गुंडाळणं, मध्ये त्यांना विचारल्यासारखं करणं, सगळ्यात वर कारभार लोकांच्या हातात. परीक्षेत हमखास येते. मला आकृतीसकट पाठ होती. पण त्या आकृतीत शिडी कुणी धरलीये ते दाखवलेलं नाही. मी तीन तास धरली. वर लाईटच्या माळा लागत होत्या, वरून कधी पक्कड पडत होती, कधी सूचना. "काका, हलवू नका." शिक्षण सुरू झाल्यापासून मला इतकी स्पष्ट जबाबदारी कुणी दिली नव्हती. मावशी चहा घेऊन आल्या, मला शिडी धरलेलं बघून थबकल्या, आणि कप माझ्या तोंडाला लावून म्हणाल्या, "आत्ता झाला बघ रॅपो."

त्या वर्षीचा मंडळाचा छापील अहवाल मला घरपोच आला. शेवटच्या पानावर जमाखर्च. जमेच्या बाजूला, किराणा दुकान आणि फॅब्रिकेशनवाल्याच्या मध्ये: "एमएसडब्ल्यूवाले काका, वर्गणी, रु. ५०१." खर्चाच्या बाजूला, हार-फुलांच्या खाली: "एमएसडब्ल्यूवाले काका, चहा, रु. ३४०."

अहवाल बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवत दोन्ही बाजू दोनदा तपासल्या.

"एकशे एकसष्ट निव्वळ," ते म्हणाले. "जुळतंय." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "वड्यांचे कुठे दिसत नाहीत ते?"