विजेचा वैल

आंजर्ल्याच्या आमच्या घरातल्या चुलीला वैल आहे. चुलीवर भात रटरटत असतो आणि तिथून निसटलेला जाळ शेजारच्या भोकातून वर येऊन आमटी गरम ठेवतो. लाकूड एक, भांडी दोन. या सोयीवर चार पिढ्या जेवल्या, त्यामुळे एका जाळावर दुसरं भांडं फुकट चढतं, हा आमच्या काकूच्या अर्थशास्त्राचा पहिला नियम.

मग वीज आली आणि काकूने तिलाही वैल लावला.

फ्रीजमागच्या एकुलत्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये एक मल्टिप्लग, त्यात मिक्सर, त्यात पाणी गरम करायची किटली आणि मी हौसेने नेऊन दिलेली इंडक्शन शेगडी. शेगडीची पीन जाड होती, त्या सॉकेटात जाईना. म्हणून काकाने दापोलीहून मोठ्याची छोटी करणारी पीन आणली. ही पीन विकायला परवानगी कोण देतं, हे मला अजून कळलेलं नाही. हत्तीला मांजराच्या दारातून आत घ्यायची ती युक्ती आहे.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. शेगडी २००० वॅट, त्याला २३० ने भागलं की जवळजवळ पावणेनऊ अँपिअर. किटलीचे साडेसहा, मिक्सरचे सव्वातीन. म्हणजे साडेअठराचं ओझं सहाच्या सॉकेटावर, फ्रीज वेगळाच.

"अरे, पण चालतंय ना?" काकू म्हणाली.

चालतच होतं, हीच तर पंचाईत. जाळ जास्त झाला तर चूल धूर करते, भात करपल्याचा वास सुटतो, बाई उठून लाकूड मागे ओढते. वायर भिंतीच्या पोटात तापते आणि चकार शब्द काढत नाही. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, हे गणित ती आतल्या आत सोडवत असते. बोलायचं काम होतं फ्यूजचं. पण तो सारखा उडतो म्हणून कुणीतरी त्याच्या चिनीमातीच्या खोबणीत दोरीएवढी तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती. कुत्रा रात्री भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधावं, तशी.

तेवढ्यात ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड आडवे झाले, कौलं उडाली, खांब झोपले. कित्येक आठवडे गावात दिवा नव्हता. शेगडी टॉवेलात गुंडाळून फडताळात गेली आणि तिच्यामुळे मोडीत निघायची राहिलेली चूल दोन्ही वेळा धडधडू लागली. काकूने मला फोनवर काही ऐकवलं नाही. ते ऐकवण्यापेक्षा वाईट होतं.

घर शाकारून झाल्यावर वायरिंगही नवं करायचं ठरलं. वायरमनने परसात खड्डा खणून पाइप पुरला आणि भोवती कोळसा, मीठ घालू लागला. काकू ओट्यावरून पाहत होती. "लोणचं घालतोस का रे मेल्या?"

"काकू, अर्थिंग आहे. शेगडीत गळती झाली, तर करंट तुमच्यातून न जाता इथून जमिनीत जाईल."

जांभ्याची जमीन मे महिन्यात ठणठणीत कोरडी पडते आणि कोरडी जमीन वीज नीट घेत नाही, म्हणून उन्हाळ्यात इथे पाणी घाला, असंही त्याने सांगितलं. आता काकू माडांना शिंपताना एक कळशी तिथेही ओतते. त्याला ती 'अर्थिंगचं आळं' म्हणते.

तीन पिनांतली एकच जाड आणि लांब का, हेही तिने विचारलं. ती अर्थिंगची. सर्वांआधी आत जाते, सर्वांनंतर बाहेर येते. "म्हणजे घरची सून," काकू म्हणाली.

शेगडीसाठी मेन बोर्डापासून थेट २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आली, १६ अँपिअरचा सॉकेट आला, ओझं जास्त झालं की खटका पाडणारी स्वतःची एमसीबी आली. शिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. एवढीशी गळती झाली तरी ती डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. सॉकेट कुठे बसवायचा यावर मी बरंच बोललो, पण जागा काकूने दाखवली: मोरीपासून लांब, शेगडीच्या बाजूला, पण वर नाही. "दूध उतू गेलं की बटणाला हात वाफेवरून न्यायचा का?" वायरमनने माझ्याकडे न बघता तिथे पेन्सिलीने खूण केली.

मल्टिप्लग मी मुंबईला घेऊन आलो, ऐवज जप्त केल्यासारखा. कामाचं बिल पाहून काकाने मात्र सुपारीच्या त्या सालच्या नुकसानात आणखी एक ओळ लिहिली.

परवा काकूचा फोन आला. "वीज गेलेली नाही रे, खटका पडलाय. काय झालं माहितीये? तुझ्या काकाने कुठूनसा दुसरा मल्टिप्लग आणला आणि शेगडीवर पुरण शिजत असताना तिथेच इस्त्री आणि किटलीचा वैल लावला."