माह्याजवळ आहे

यवतमाळच्या कुठल्याही ले-आउटमध्ये संध्याकाळी एखाद्या घरातून "अगं, पेचकस कुठं ठेवला?" असा आवाज आला, की चार घरं पलीकडे झुलणारी बंगई थांबते. तिच्या कड्या करकरत नसतात, त्यांना मशीनचं तेल पाजलेलं असतं. पण ती थांबली हे गल्लीला बरोबर कळतं. चपला सरकवल्याचा आवाज येतो, फाटकाची कडी वाजते आणि घोषणा होते, "थांबा, माह्याजवळ आहे!"

हे काका. एसटीच्या डेपोतून, वीज मंडळातून, जिनिंगमधून नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. वणीत असतील तर कोळशाच्या खाणीतून. 'माह्याजवळ आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं, की शेजारचे गुरुजी "डॉक्टर म्हणतात, बीपी आहे" असं म्हणाले तेव्हाही ते निघून गेलं. आणि ते खोटं नव्हतं.

काकांची सगळी दौलत तेलाच्या एका पिप्यात आहे. वरचा पत्रा कापलेला, कडा आत ठोकलेल्या, धरायला तारेची कडी. आत हात घालायची परवानगी फक्त काकांना. टेफ्लॉन टेपची गुंडाळी, काळी चिकटपट्टी, एम-सीलचं अर्धं पाकीट, तोंडात टाचणी खोचलेली फेविक्विकची पाच रुपयांची नळी, बाइंडिंग तार, सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या चकत्या, सुतळी, मेणबत्तीचे तुकडे, नळाचे, पंपाचे आणि कशाचे ते आता कोणालाच न आठवणारे वायसर. रॉकेलच्या स्टोव्हच्या पिनांचं एक पाकीट आहे. स्टोव्ह गेला, रॉकेल गेलं, पिना आहेत. "काढून टाका ना," असं सुनेनं एकदा सुचवलं. काकांनी त्याच पिनेनं तिच्या गॅसच्या बर्नरची बुजलेली भोकं मोकळी करून दिली आणि पाकीट परत पिप्यात गेलं.

या पिप्यात निम्मा माल विकत घेतलेला नाही, उरलेला आहे. काकांनी मिक्सर उघडून पुन्हा बंद केला की दोन पेच उरतात. मिक्सर चालतो. "कंपनी उगाच जास्तीचे लावते," असं म्हणून काका ते पेच पिप्यात टाकतात. कंपन्यांचा हा उधळेपणा काकांच्या मते देशाच्या अर्थव्यवस्थेला घातक आहे. त्यांचं अर्थशास्त्र एका साखळीत बसतं: वायसर झिजला की नळ गळतो, नळ गळला की टाकी रिकामी, टाकी रिकामी की मोटर, मोटर की बिल, बिल की नवरा-बायकोत भांडण. "अन् वायसर कितीचा? एका चहाइतकाही नाही!"

माहितीच्या बाबतीत मात्र काका पक्के आहेत. टेफ्लॉन टेप तोटीच्या आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायचा. उलटा गुंडाळला तर तोटी पिळताना तो सोलून बाहेर येतो. कुलपात खोबरेल तेल घालायचं नाही, त्यावर धूळ बसते आणि पावसाळ्यानंतर कुलूप घरमालकालाही ओळखत नाही. शिसपेन्सिलीची पूड घालायची. अडलेल्या चेनवर मेणबत्ती घासायची. एम-सीलच्या दोन्ही वड्या सारख्या घ्यायच्या आणि दोन रंगांचा एक रंग होईपर्यंत मळायच्या. हे सगळं ते प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगतात. ऐकणाऱ्यानं मागच्या महिन्यातही ऐकलं होतं, हा मुद्दा गौण.

इथंच खरी अडचण आहे. काकांची पक्कड मिळते, पण एकटी मिळत नाही. तिच्यासोबत काका येतात.

पुण्याहून बदलून आलेल्या बँकेतल्या साहेबांना हे ठाऊक नव्हतं. "काका, जरा पक्कड देता? पाच मिनिटांत आणून देतो."

"कायले आणून देता? चला, मीच येतो."

काम होतं पडद्याच्या दांडीचं. खिळा तेवढा सरळ करायचा. काकांनी भिंतीवर बोटानं टकटक केलं. "साहेब, इथं खिळा नाही बसन. गिट्टी लागते." ते गिट्टी आणायला गेले आणि पिपा घेऊन आले. येताना त्यांना दाराची कडी सैल दिसली. कडी घट्ट करताना स्वयंपाकघरातून थेंबांचा आवाज आला. नळ उघडला, वायसर बदलला, हात पुसायला गेले तर बाथरूमच्या दाराची बिजागरी. बाईंनी दोनदा चहा दिला, मग पोहे केले, मग सरळ विचारलं, "काका, जेवूनच जाता का?" त्या रात्री साहेबांच्या घरातली एकच वस्तू तशीच राहिली. पडदा दुसऱ्या दिवशी लागला.

साहेब शहाणे. त्यांनी मोबाईलवरून अवजारांची पेटी मागवली. निळा प्लास्टिकचा डबा, आत प्रत्येक वस्तूला तिच्या आकाराचा खळगा. काकांना बातमी लागली आणि ते पाहायला आले. एकेक वस्तू उचलून त्यांनी वजन पाहिलं, पान्याचे दात नखानं तपासले, शेवटी विचारलं, "वायसर कुठं आहे?"

"यात वायसर नसतो काका."

"सुतळी?"

"नाही."

"मंग हे दुरुस्तीचं नाही, दाखवायचं आहे." खरं सांगायचं तर पेटी चांगली होती. पण काकांसमोर हे म्हणायची आमच्या ले-आउटमध्ये कोणाची छाती नाही.

काकांचा खरा हंगाम एप्रिलमध्ये लागतो. कूलर काढायचा म्हणजे विदर्भात सणच. गच्चीवरून ते धूड खाली येतं, जुनं गवत झडतं, नवं भरलं जातं आणि मग कळतं, की पंप पाणी वर चढवत नाही, चढवलं तर वरच्या नळीतून तीनपैकी एकाच बाजूला पडतं. आमच्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार त्या नळीच्या भोकांत दगडासारखे बसतात. काका लिंबूसत्वाच्या पाण्यात नळी आणि पंप रात्रभर भिजत घालतात, सकाळी भोकात पिन फिरवतात. पारा पंचेचाळिसाकडे निघालेला असताना ज्याचा कूलर गार हवा फेकायला लागतो, त्याच्या डोळ्यांत काकांविषयी जे भाव उमटतात ते आमदारालाही मिळत नाहीत.

२०१८ च्या उन्हाळ्यात तर काकांना जेवायला सवड नव्हती. निळोणा आणि चापडोह, शहराला पाणी देणारे दोन्ही तलाव, तळाला गेले होते. नळाचा भरवसा उरला नव्हता, टँकर आला की घरातलं प्रत्येक भांडं रस्त्यावर. घरोघर निळे ड्रम आले आणि त्यांतून पाणी काढताना निम्मं सांडू लागलं. काकांनी लोखंडी सळई लाल करून ड्रमला बुडाशी भोकं पाडली, आतून एक आणि बाहेरून एक वायसर लावून तोट्या बसवल्या. ज्यांना तोटी परवडत नव्हती त्यांना नळीनं पाणी ओढायला शिकवलं. त्या दिवसांत 'माह्याजवळ आहे' म्हणायला काका कचरत. लोकांना वाटे, पाणीच आहे म्हणतात.

दोन ठिकाणी मात्र काकांचा हात जुगाडाला धजत नाही. कूलरच्या पत्र्याला करंट येतो म्हटलं की ते टेस्टर लावतात. टेस्टरमधला दिवा आपल्याच अंगातून जाणाऱ्या इवल्याशा करंटवर पेटतो, हे सांगायलाही विसरत नाहीत. आणि दिवा पेटला तर सगळं बंद करून म्हणतात, "अर्थिंगवाला मिस्त्री बोलवा. हे माह्याजवळ नाही." पाणी भरताना प्लग काढायचा, हे त्यांनी गल्लीतल्या पोरांकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलंय. दुसरं, पाठीवरचा फवारणीचा पंप. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. त्यानंतर गावाकडचा कोणी "काका, पंप जरासा पाझरते, चिकटपट्टी द्या," म्हणाला की काका त्याला चिकटपट्टी देत नाहीत. नवा वायसर देतात आणि तो लागेपर्यंत पंप पाठीवर घेऊ देत नाहीत. तेवढ्या वेळापुरते ते अजिबात विनोदी वाटत नाहीत.

काकांच्या स्वतःच्या घरात प्रत्येक वस्तू चालते. फक्त कशी चालते ते पाहुण्याला सांगावं लागतं. पंखा एकवर हवा असेल तर रेग्युलेटर तीनवर ठेवायचा. न्हाणीचं दार आधी उचलायचं, मग ढकलायचं. फ्रिजला गुडघा लावायचा, पण हळू. काकूंना हे सगळं पाठ आहे. माहेरी गेल्या की तिथल्या धडधाकट फ्रिजलाही त्यांचा गुडघा लागतो.

काकूंचं स्वतःचं भांडार त्यांच्या बांगडीत अडकवलेलं आहे: चार-पाच सेफ्टी पिना. नाडा ओवायला, पदर टाचायला, नातवाच्या तुटलेल्या बटणाला, आणि काकांच्या कूलरच्या नळीलाही शेवटी तीच पिन. काकांनी त्यांना कुठंतरी वाचलेलं ऐकवलं, की ही पिन वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकनानं १८४९ मध्ये काढली आणि पेटंट अवघ्या चारशे डॉलरला विकून टाकलं.

"बायकोले विचारलं नसन," काकू म्हणाल्या.

काकांचं दैवत विचाराल तर शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूरची ती छोट्या रुळांची गाडी, इंग्रज कंपनीनं कापूस वाहायला टाकलेली. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं आणि १९९४ पर्यंत धावलं. "सत्तरच्या वर वर्षं, राजेहो! कोणी म्हटलं का, नवीन घेऊन टाका?" डिझेल इंजिन आलं तेव्हापासून जगाचं बिघडलं असं काकांचं मत आहे. त्यात त्यांचा अलीकडचा राग मिसळलेला असतो: हल्लीच्या वस्तूंना पेचच नसतात. नातवानं आणलेला चार्जिंगचा दिवा त्यांनी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, भिंगातून पाहिला. कुठं उघडायचा याचा पत्ता नाही. "ज्याले उघडता येत नाही, ते आपलं कसं?" म्हणत त्यांनी हॅक्सॉचं पातं शोधलं. दिवा आता चालतो. उभा राहत नाही.

मागच्या वर्षी साहेबांची बदली पुन्हा पुण्याला झाली. सामान बांधायला सुतळी कोणाची, हे सांगायला नको. पुढं एका रात्री साहेबांचा व्हिडिओ कॉल आला; फ्लॅटमधल्या फ्लशच्या टाकीतून पाणी वाहत होतं आणि प्लंबर परवा येणार होता. निळी पेटी शेजारी उघडी दिसत होती.

"मोबाईल खाली धरा. अजून खाली. हां, दिसलं. वायसर गेला तो. खालून नळ बंद करा. मी पाठवतो."

"काका, इथं दुकानात मिळेल हो."

"मिळन. पण दाखवन कोण?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये एक पुडकं चढलं. शेवेच्या पिशवीत टेफ्लॉन टेप, सुतळीची गुंडी, चिठ्ठीवर टाकीचं चित्र आणि दोन वायसर. पार्सलचे पैसे आतल्या मालापेक्षा जास्त झाले, हे काकूंनी पावतीवर वाचलं आणि गिळलं. पण एका गोष्टीवर त्यांना राहवलं नाही.

"टाकी एक, अन् वायसर दोन काहून पाठवले?"

"एक लावाले," काका म्हणाले, "अन् एक हरवाले."