रा. रा. साडेसतरा टक्के यांस अनावृत पत्र

रा. रा. साडेसतरा टक्के यांस,
मु. पो. ऑस्ट्रेलिया, पेरोल सॉफ्टवेअर, ‘लीव्ह लोडिंग’ची रिकामी चौकट.

स. न. वि. वि.

आपण दिसायला किती साधे! सेटिंग्ज उघडावी, वार्षिक रजेचा प्रकार निवडावा, चौकटीत 17.5 लिहून सेव्ह करावं. आठवड्याचा मूळ पगार 1000 डॉलर असेल, तर रजेच्या आठवड्यात मिळकत 1175. चार आठवड्यांचे वरचे 700. घरी बसायचे जास्त पैसे!

भारतातल्या नोकरदाराला ही थापच वाटेल. इथल्या 1948 च्या कारखाना कायद्याने रजेचा पगार काढताना महागाई भत्ता धरला, पण ओव्हरटाइम आणि बोनस बाहेर ठेवले. ऑस्ट्रेलियातल्या धातुउद्योगातल्या कामगारांचं म्हणणं नेमकं उलटं होतं: घर ओव्हरटाइमवर चालतं आणि रजेत तोच बुडतो. 1970 च्या दशकात आपण अवतरलात ते ही खोट भरून काढायला. पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारच्या काळात सरकारी कचेऱ्यांतही शिरलात. तिथल्या कित्येक कारकुनांचा ओव्हरटाइमशी संबंध किती, हे आपण कधी विचारलं नाहीत. मोठं मन!

आता तोच प्रश्न कर खातं विचारतं. लोडिंगवर सुपर, म्हणजे निवृत्तीनिधीची रक्कम, भरायची का? साधारणपणे भरायची. मात्र हे पैसे बुडालेल्या ओव्हरटाइमचीच भरपाई आहेत, असं कागदोपत्री दाखवता आलं तर सूट. म्हणजे पेरोलवाल्या बिचाऱ्याने एक टिक करण्याआधी पन्नास वर्षांपूर्वीच्या मागणीचा हेतू शोधायचा.

त्याआधी आपण लागू आहात की नाही, हेच ठरायचं असतं. देशभरच्या किमान हक्कांत चार आठवड्यांची पगारी रजा आहे. आपलं नाव तिथे नाही. ते सापडतं त्या-त्या धंद्याच्या अवॉर्डमध्ये (म्हणजे त्या धंद्यापुरत्या किमान पगार-अटींच्या नियमावलीत), कंपनीच्या करारात किंवा नेमणूकपत्रात. कॅज्युअल कामगाराला पगारी वार्षिक रजाच नसते, त्याच्या दरात सहसा वेगळे 25 टक्के असतात. तिथे आपण चुकून घुसू नये.

खरी तारांबळ शिफ्टवाल्यांची. बऱ्याच अवॉर्डमध्ये नियम असा, की एक तर आपण, नाहीतर रजा नसती तर शनिवार-रविवारचे आणि रात्रपाळीचे जे जादा पैसे मिळाले असते ते. यांतलं जे जास्त ते द्यायचं, दोन्ही नाही. समजा, वृद्धाश्रमातल्या एका परिचारिकेचा दर ताशी 30 डॉलर, आठवडा 38 तासांचा. आपले होतात 199 डॉलर 50 सेंट. तिच्या रोस्टरप्रमाणे त्या आठवड्याचे जादा पैसे 240 होत असतील, तर 240 द्यायचे. चौकटीत नुसतं 17.5 लिहून ठेवलेलं सॉफ्टवेअर रजेच्या अशा दर आठवड्याला तिचे 40 डॉलर 50 सेंट निमूटपणे गिळतं, आणि पगारपत्रक मात्र सुबक छापून देतं.

नोकरी सोडताना तरी आपण पाठ सोडाल, ही मालकांची आशाही 2015 मध्ये मावळली. खाणकामाच्या एका खटल्यात फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठाने सांगितलं, की शिल्लक रजेचे पैसे देताना कामावर असताना रजा घेतली असती तर जे मिळालं असतं तेच द्यायचं, आपल्यासकट. करारात उलटं लिहिलेलं असलं तरी ते चालायचं नाही. पण राजीनाम्याचा हिशेब सॉफ्टवेअरमध्ये बहुधा वेगळ्या पानावर असतो, आणि रजेच्या पानावर केलेली टिक तिथे पोहोचलीच आहे, असं गृहीत धरणारे कमी नाहीत. 1 जानेवारी 2025 पासून जाणूनबुजून पगार कमी देणं हा त्या देशात फौजदारी गुन्हा आहे. प्रामाणिक चूक त्यात येत नाही. तरी बुडालेले पैसे चुकते करावेच लागतात.

तेव्हा डिसेंबरच्या आत आपला बेत कळवावा, ही विनंती. नाताळात कारखाने बंद होतात, सगळे एकदम रजेवर जातात, आणि पगार झाल्यावर कामकाजाच्या एका दिवसाच्या आत पगारपत्रक द्यावंच लागतं. त्या वेळी समुद्रकिनाऱ्यावर पोहोचलेल्या हिशेबनीसाला फोन लावावा लागेल, आणि तोही आपल्याच कृपेने वाढीव पगारी रजेवर असेल.

कळावे, लोभ असावा.